वनस्पतींचे स्वयंचलित मापन आणि पीक-संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीक-संशोधनात रोपे मोजण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर कॅमेरे, वजनकाटे आणि संगणक यांच्याकडे जात आहे. कृषी महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी, नवे वाण तयार करणारे पैदासकार आणि प्रयोगशील शेतकरी यांच्या मनात याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. रब्बी ज्वारीचा भाग मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे, कारण या तंत्राचे बळ आणि त्यातील धोका हे दोन्ही त्या पिकात स्पष्ट दिसतात.

फिनोटायपिंग म्हणजे नेमके काय?

बियाण्यातील जनुकीय गुण आणि रोपाला मिळालेली माती, पाणी, ऊन, वारा यांच्या मेळातून जे रूप प्रत्यक्ष साकारते त्याला फिनोटाइप म्हणतात, आणि ते रूप पद्धतशीरपणे मोजण्याला फिनोटायपिंग. रोपाची उंची, फुटव्यांची संख्या, पर्णक्षेत्र, फुलोऱ्याचा दिवस, पानाचे तापमान, दिवसभरात उडून गेलेले पाणी, दाण्याचे वजन हे सगळे त्यात येते.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी फिनोटाइप हा शब्द १९०९ मध्ये रूढ केला. घेवड्याच्या दाण्यांवर काम करताना त्यांना असे आढळले होते की, एकाच शुद्ध वंशातील दाणेही लहानमोठे निघतात, परंतु त्यांतला मोठा दाणा निवडून पेरला तरी पुढच्या पिढीचे दाणे मोठे होत नाहीत. डोळ्यांना दिसणारा प्रत्येक फरक वारशाने आलेला नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आजच्या अत्याधुनिक यंत्रालाही याच फरकाशी झगडावे लागते, म्हणून हा जुना प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

यात स्वयंचलित काय असते?

मुख्यतः दोन रचना आढळतात. एकीत कुंड्या सरकत्या पट्ट्यावरून एकामागून एक कॅमेऱ्याच्या कक्षात जातात आणि छायाचित्रे निघाल्यावर आपल्या जागी परत येतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे २०१० मध्ये सुरू झालेले ‘प्लांट ॲक्सलरेटर’ हे या प्रकारचे प्रसिद्ध केंद्र आहे. दुसऱ्या रचनेत रोपे जागीच राहतात आणि कॅमेरा किंवा लेसर त्यांच्यावरून फिरतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा येथे शेतातच रूळ टाकून त्यांवर अशी अवाढव्य चौकट उभारली आहे. मॅरिकोपाची चौकट सुमारे ३० टन वजनाची आहे.

पट्टी, तराजू आणि अनुभवी डोळा असताना यंत्राची गरज का पडली?

याचे पहिले कारण जनुकशास्त्राच्या वेगात आहे. भाताचा संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गव्हाचा जनुकसंच त्याहून कितीतरी मोठा आणि गुंतागुंतीचा असल्यामुळे त्याच्या संदर्भ-आवृत्तीला २०१८ उजाडले. दरम्यानच्या काळात डीएनए वाचण्याचा खर्च इतका घसरला की भाताच्या ३,००० वाणांचे जनुकसंच वाचून २०१४ मध्ये सर्वांना खुले करण्यात आले. परंतु या तीन हजार वाणांपैकी कोणता वाण पाण्याच्या ताणात तग धरतो, याचे उत्तर डीएनएच्या अक्षरांत आयते लिहिलेले नसते. त्यासाठी ते वाण वाढवून मोजावेच लागतात, आणि हे मोजणे पूर्वीच्याच गतीने चालू राहिल्यामुळे सगळे काम तेथे अडू लागले.

दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. रोपाचे वाळलेले वजन काढायचे तर ते कापावे लागते, आणि एकदा कापलेले रोप उद्या मोजता येत नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीत दहाव्या दिवशी काही रोपे, विसाव्या दिवशी दुसरी काही रोपे आणि तिसाव्या दिवशी तिसरीच रोपे कापून, त्या वेगवेगळ्या रोपांच्या आकड्यांतून वाढीचा आलेख जुळवावा लागत असे. कॅमेरा रोपाला हात लावत नाही. तेच रोप रोज मोजले गेल्यामुळे ताण सुरू झाल्यानंतर कितव्या दिवशी त्याची वाढ मंदावली, पाणी मिळाल्यावर ते किती दिवसांत सावरले आणि शेजारचा वाण दोन दिवस आधी का थांबला, हे प्रत्यक्ष दिसते. केवळ वेग वाढावा म्हणून एवढा खर्च करण्याचे फारसे समर्थन करता आले नसते. एकाच जिवंत रोपाची सलग नोंद मिळणे हा या तंत्राचा खरा लाभ आहे.

वेगवेगळे कॅमेरे नेमके काय पाहतात?

साधा रंगीत कॅमेरा रोपाचा आकार, उंची, पानांचा रंग आणि पिवळेपणा टिपतो. एवढ्या एकाच कॅमेऱ्यावर उत्तम संशोधन होऊ शकते, आणि प्रत्यक्षात बरेचसे होतेही.

उष्णता टिपणारा कॅमेरा पानाचे तापमान दाखवतो. पर्णरंध्रे उघडी असताना पानातून पाण्याची वाफ बाहेर पडते, आणि एक किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. ती उष्णता पानातून घेतली जात असल्याने पान थंड राहते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की रोप रंध्रे मिटू लागते आणि पान तापते. हा बदल पान कोमेजण्याच्या आधी घडतो; शेतकऱ्याच्या डोळ्यांना पीक ठीक दिसत असताना ताणाची पहिली खूण या कॅमेऱ्यात उमटते. मात्र ढग आला, वारा सुटला किंवा मोजणी सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत लांबली, तर वाणांमधील फरकाऐवजी हवामानातील बदलच मोजला जातो.

निकट-अवरक्त किरणांच्या साह्याने पानातील पाण्याचा अंदाज येतो, कारण १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण पाणी मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीचे मापन आणखी सूक्ष्म आहे. पानाने शोषलेल्या प्रकाशाचा थोडा भाग ते तांबूस प्रकाशाच्या रूपाने परत फेकते, आणि त्यावरून प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा किती सुस्थितीत आहे हे कळते. वीस-तीस मिनिटे अंधारात ठेवलेल्या निरोगी पानात या मोजणीचे सर्वमान्य गुणोत्तर ०.८३ च्या जवळपास असते आणि यंत्रणेला इजा झाली की ते खाली येते. परंतु सौम्य अवर्षणात हे गुणोत्तर बराच काळ जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे केवळ त्याच्याच आधारे एखादा वाण अवर्षणसहनशील ठरवणे घाईचे होईल.

याशिवाय शेकडो अरुंद तरंगलांबींत प्रतिमा घेणारे कॅमेरे आणि रोपाचा त्रिमितीय आकार टिपणारे लेसर असतात. त्यांच्या माहितीचा व्याप मोठा असतो, आणि आपल्या प्रश्नाला त्याची खरोखर गरज आहे का, हे उपकरण घेण्यापूर्वीच ठरवावे.

छायाचित्रातून रोपाचे वजन कसे कळते?

छायाचित्रात वजन नसते, ठिपके असतात. संगणक आधी रोपाचे ठिपके पार्श्वभूमीपासून वेगळे करतो. बहुतेक केंद्रांत एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी आणि एकदा वरून अशी तीन छायाचित्रे घेतात, आणि त्यांतील रोपाच्या क्षेत्रफळांवरून सूत्र बांधून वजनाचा अंदाज काढतात. हे सूत्र आकाशातून पडत नाही. प्रयोगातील काही रोपे छायाचित्रानंतर लगेच कापून, ओव्हनमध्ये वाळवून, तराजूवर तोलून ते बसवावे लागते.

येथेच सर्वाधिक चुका होतात. कोवळ्या रोपात पाने सुटी असल्याने क्षेत्रफळ आणि वजन यांचे नाते घट्ट असते. रोप वाढले की पाने एकमेकांना झाकतात, खोड जाड होते, कणीस भरते, आणि त्याच क्षेत्रफळामागे वजन कितीतरी जास्त असते. ताणातील ज्वारीची पाने दुपारी गुंडाळून घेतात. पर्णक्षेत्र तेवढेच असूनही कॅमेऱ्याला ते घटलेले दिसते. म्हणून पुरेसे पाणी मिळालेली आणि ताण दिलेली, तसेच लहान आणि मोठी, अशा सर्व गटांतील रोपे कापून सूत्र पडताळले पाहिजे. एका पिकाचे सूत्र दुसऱ्या पिकाला लावणे किंवा परदेशी केंद्राचे सूत्र न तपासता वापरणे हे संशोधनच नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुंडीला दिलेले पाणी अचूक कसे राखले जाते?

प्रत्येक कुंडी ठरलेल्या वेळी काट्यावर येते, ठरवलेल्या वजनापेक्षा जेवढे वजन कमी भरते तेवढेच पाणी पंप सोडतो आणि त्याची नोंद होते. अशा रीतीने एका गटाला भरपूर ओलावा आणि दुसऱ्या गटाला त्याच्या निम्मा ओलावा अनेक आठवडे राखता येतो. हाताने पाणी घालून शेकडो कुंड्यांत हे साधणे जवळजवळ अशक्य आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. रोप वाढते तसे त्याचे स्वतःचे वजनही कुंडीच्या वजनात मिसळते. ते वजा न केल्यास मोठ्या रोपाला नकळत कमी पाणी मिळते आणि जोमदार वाण उगाचच जास्त ताणाखाली येतो. दुसरे म्हणजे मातीच्या पृष्ठभागावरून थेट उडणारे पाणी रोपाच्या खात्यावर मांडले जाऊ नये, यासाठी माती झाकावी आणि रोप नसलेल्या काही कुंड्या तुलनेसाठी ठेवाव्यात.

रब्बी ज्वारीसारख्या कोरडवाहू पिकाला या तंत्राचा काय उपयोग?

सोलापूर, बीड, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो. जमिनीतला साठा हीच पिकाची शिदोरी असते आणि ती दाणा भरेपर्यंत पुरवायची असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाने दीर्घकाळ शेतकऱ्यांचा विश्वास टिकवला, त्यामागे दाण्याच्या भाकरीच्या प्रतीइतकाच या परिस्थितीत टिकण्याचा गुण आहे.

अशा पिकात चाळिसाव्या दिवशी कॅमेऱ्याला सर्वांत मोठे, सर्वांत हिरवेगार दिसणारे रोप सर्वोत्तम असेलच असे नाही. पुष्कळदा तेच रोप पाणी भराभर संपवते आणि कणसात दाणा भरायच्या वेळी कोरडे पडते. म्हणून येथे आकारापेक्षा पाण्याच्या खर्चाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हा हिशेब दोन प्रकारे केला जातो. एका सुविधेत सुमारे दोन मीटर खोलीच्या उभ्या नळकांड्यांत माती भरून त्यांत रोपे पूर्ण हंगाम वाढवतात आणि ती नळकांडी वेळोवेळी तोलतात. त्यामुळे फुलोऱ्याआधी किती पाणी गेले आणि नंतरसाठी किती उरले हे वाणनिहाय कळते. ‘लीझीस्कॅन’ या दुसऱ्या सुविधेत रोपांवरून लेसर स्कॅनर फिरत राहून पर्णक्षेत्र मोजतात, आणि वजनकाट्यांवर ठेवलेल्या रोपांची पाणी सोडण्याची गती दिवसभर नोंदली जाते.

या दुसऱ्या नोंदीतून हाती येणारा गुण विलक्षण आहे. हवा किती तहानलेली आहे हे बाष्पदाबाच्या तुटीवरून मोजतात. सकाळी २२ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ही तूट सुमारे ०.८ किलोपास्कल असते. दुपारी ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेला ती ३.९ किलोपास्कलपर्यंत जाते. काही वाण तूट वाढत जाईल तसे पाणी सोडत राहतात. काही वाण मात्र एका मर्यादेनंतर रंध्रे आवरती घेतात आणि ऐन दुपारची उधळपट्टी टाळतात. रोज वाचवलेले हे थोडे थोडे पाणी दाणा भरताना कामी येते. हातातल्या पट्टीने हा गुण दिसला नसता, कारण तो एका दुपारच्या काही तासांत प्रकट होतो आणि शेकडो वाणांत तो एकाच वेळी पाहावा लागतो.

शेवटपर्यंत पान हिरवे राखणारे वाण खडखड्या रोगाने लोळण्यापासूनही बरेचसे बचावतात आणि त्यांचा कडबा अधिक सकस राहतो. पीक वाळत जाण्याची गती कॅमेऱ्याने दर काही दिवसांनी मोजता येते, आणि ज्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दाण्याइतकाच कडबा महत्त्वाचा आहे त्याच्यासाठी पैदासकाराने ही नोंद अवश्य ठेवावी.

कुंडीत मिळालेला निष्कर्ष शेतात खरा ठरतो का?

नेहमी नाही, आणि ही शंका अगदी रास्त आहे. कुंडी लहान असली की मुळे भिंतीला भिडतात, माती जास्त तापते आणि पाणी झपाट्याने संपते. कुंडीच्या आकाराविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंडी दुप्पट मोठी केल्यास रोपाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते असे त्यात दिसून आले, आणि एक लिटर मातीमागे रोपाचे वजन साधारण एक ग्रॅमपेक्षा जास्त होऊ देऊ नये अशी शिफारस करण्यात आली. प्रत्यक्षातील बहुतेक प्रयोग ही मर्यादा ओलांडतात.

यावरून कुंडीतील काम निरर्थक ठरत नाही. रंध्रे कधी मिटतात, क्षारांना पान कसा प्रतिसाद देते, पाणी साचल्यावर कांद्याचे रोप किती दिवसांत पिवळे पडते अशा प्रश्नांची उत्तरे कुंडीत चांगली मिळतात. हेक्टरी उत्पादन किती येईल या प्रश्नाचे उत्तर मात्र कुंडीकडे मागू नये. निवडलेले वाण किमान दोन-तीन हंगामांत आणि वेगवेगळ्या जमिनींवर तपासल्याशिवाय कोणतीही शिफारस करता येत नाही.

मुळे कशी मोजतात?

हा या क्षेत्रातील सर्वांत कठीण भाग आहे. काचेच्या भिंतीलगत रोप वाढवून भिंतीला टेकलेल्या मुळांची छायाचित्रे घेता येतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे क्ष-किरणांनी आणि जर्मनीतील युलिश येथे चुंबकीय प्रतिमांकनाने, म्हणजे रुग्णालयांतील सीटी व एमआरआय यांच्याच तत्त्वांवर, मातीतील मुळे न उपटता पाहिली जातात. परंतु एका वेळी मोजता येणारी रोपे थोडी असतात.

साध्या साधनानेही मोठा शोध लागू शकतो, याचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. भाताची मुळे खोल जाण्याशी निगडित असलेले डीआरओ-१ हे जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. मुळांचा कोन मोजण्यासाठी त्यांनी जाळीच्या लहान टोपल्यांत रोपे लावली आणि जाळीच्या तळाकडून किती मुळे बाहेर पडली व बाजूंनी किती पडली, हे मोजले. उथळ मुळांच्या आयआर-६४ या वाणात ते जनुक आणल्यावर मुळे खोल गेली आणि अवर्षणात उत्पादन अधिक मिळाले.

ड्रोनने हेच काम स्वस्तात होत नाही का?

शेतातील चाचण्यांसाठी ड्रोन उत्तम आहे. उंची, उगवण, हिरवेपणा, फुलोऱ्याची वेळ आणि पिकाचे तापमान शेकडो वाफ्यांत अर्ध्या तासात टिपता येते. परंतु त्याचा सर्वांत लोकप्रिय निर्देशांक, म्हणजे तांबड्या आणि निकट-अवरक्त प्रकाशाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून मिळणारा एनडीव्हीआय, दाट पिकात लवकर बोथट होतो. पर्णक्षेत्र निर्देशांक, म्हणजे पानांचे एकूण क्षेत्र त्यांच्याखालील जमिनीच्या किती पट आहे हा आकडा, ३ च्या पुढे गेला की एनडीव्हीआय फारसा वाढत नाही, आणि नेमके चांगले वाण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

ड्रोनच्या कामात जमिनीवरच्या तयारीला फार महत्त्व आहे. वाफ्यांच्या कोपऱ्यांवर ठळक खुणा ठेवाव्यात, उड्डाणापूर्वी आणि नंतर ठराविक परावर्तनाच्या पाटीचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक वेळी साधारण त्याच तासाला उडवावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी आणि आपल्या परिसराचे क्षेत्र-वर्गीकरण तपासणेही आवश्यक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता सगळे आपोआप मोजले जाते, हे खरे आहे का?

मोजणी पुष्कळ सुधारली आहे. गव्हाच्या ओंब्या मोजण्याचे उदाहरण घ्या: २०२० मध्ये अनेक देशांतील संस्थांनी मिळून सुमारे ४,७०० छायाचित्रांचा संच खुला केला, ज्यात जवळपास १,९०,००० ओंब्यांवर माणसांनी खुणा केल्या होत्या. एवढे हातकाम झाल्यावरच संगणकाला ओंबी ओळखता आली. शिवाय एका देशातील उजेडात आणि एका प्रकारच्या वाणांवर शिकलेले प्रारूप दुसरीकडे चुकते, हाच तो संच बनवण्यामागचा मुख्य हेतू होता. ज्वारीचे भरगच्च गोल कणीस आणि सुटे कणीस यांत इतका फरक आहे की आपल्या शेतातील काही शे छायाचित्रांवर स्वतः खुणा केल्याशिवाय आयत्या प्रारूपावर विसंबू नये.

दोन वाणांतील फरक खरा आहे हे कसे ठरवायचे?

यंत्र दशांश चिन्हानंतर चार अंक देते, म्हणून तो आकडा खरा ठरत नाही. हरितगृहात पंख्याजवळची कुंडी आणि कोपऱ्यातली कुंडी यांना वेगळे हवामान मिळते. एका वाणाच्या सर्व कुंड्या एका ओळीत ठेवल्या तर जागेचाच फरक वाणाच्या नावावर जमा होतो. त्यामुळे पुनरावृत्ती, यादृच्छिक मांडणी आणि प्रत्येक गटात एखादा परिचित तुलनात्मक वाण हे जुने नियम पूर्वीइतकेच बंधनकारक आहेत. त्यानंतर एकूण फरकापैकी किती वाटा आनुवंशिक आहे, म्हणजे त्या गुणाची आनुवंशिकता किती, हे काढावे. ती अत्यल्प असेल तर कितीही आकर्षक छायाचित्र असले तरी त्या गुणावरून निवड करून पुढच्या पिढीत काही मिळत नाही.

भारतात अशा सुविधा कोठे आहेत?

महाराष्ट्रात बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था २००९ मध्ये खडकाळ, मुरमाड माळावर उभी राहिली. तेथे दृश्य, अवरक्त आणि निकट-अवरक्त कॅमेऱ्यांची स्वयंचलित सुविधा आहे. नवी दिल्लीतील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत नानाजी देशमुख वनस्पती फिनोमिक्स केंद्राचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. नानाजींचा जन्म आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे ११ ऑक्टोबर १९१६ रोजी झाला होता. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत आणि बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतही अशा सुविधा आहेत. इक्रिसॅटचा उल्लेख वर आला आहे.

आमच्या महाविद्यालयाकडे एवढा निधी नाही. आम्ही काय करू शकतो?

पुष्कळ काही करू शकता. ठराविक उंचीवर घट्ट बसवलेला मोबाइल फोन, मागे निळे किंवा काळे कापड, सावलीतला एकसारखा उजेड, प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी आणि रंगांची पाटी, आणि ग्रॅमपर्यंत अचूक असा काटा एवढ्यावर पदव्युत्तर प्रबंधासाठी दर्जेदार माहिती मिळते. फोनचा उजेड व रंग आपोआप बदलण्याची सोय बंद करावी, नाहीतर पानाचा पिवळेपणा रोज वेगळा दिसतो. विश्लेषणासाठी इमेज-जे आणि प्लांट-सीव्ही ही संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

मातीवर शेवाळ चढले की संगणक तेही पान म्हणून मोजतो. म्हणून कुंडीच्या तोंडावर निळा किंवा काळा कागद ठेवावा. छायाचित्रे रोज एकाच वेळी घ्यावीत, कारण पाने दिवसभर हलतात. आणि दर पंधरा दिवसांनी काही रोपे कापून, वाळवून तोलण्याचे काम टाळू नये.

माहिती कशी जपावी?

प्रत्येक कुंडीला क्यूआर कोड द्या आणि छायाचित्राच्या नावात कुंडी, दिनांक व वेळ आणा. वाणाचा स्रोत, पेरणीची तारीख, मातीचा प्रकार, पाणी व खत, तापमान आणि आर्द्रता यांची नोंद मिआपे या आंतरराष्ट्रीय नमुन्यानुसार ठेवल्यास ती दुसऱ्या संशोधकालाही वापरता येते. मूळ छायाचित्रे कधीही पुसू नयेत. आज न सुचलेला गुण पाच वर्षांनी त्यांतूनच मोजता येऊ शकतो.

शेतकऱ्याला याचा थेट लाभ कधी मिळेल?

नवा वाण संकरणापासून प्रसारणापर्यंत यायला साधारण आठ ते दहा वर्षे लागतात. स्वयंचलित मापनामुळे निवडीचा टप्पा लवकर आणि अधिक खात्रीने पार पडतो, परंतु बहुस्थानी चाचण्यांचा काळ त्यामुळे वाचत नाही. म्हणून या सुविधेतून पुढच्या हंगामाला काही मिळेल असे आश्वासन कोणी देऊ नये.

उलट दिशेचा लाभ मात्र आजही घेता येतो. पैदासकाराने यंत्रापुढे कोणता गुण ठेवावा हे कोरडवाहू शेतकरी चांगले सांगू शकतो: कणीस केव्हा पोकळ राहते, कडबा केव्हा काळा पडतो, कोणत्या जमिनीत ताट उभ्याने वाळते. आपल्या भागातील जुन्या वाणांचे बियाणे नाव, गाव आणि जमिनीच्या माहितीसह जवळच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा संशोधन केंद्राकडे दिल्यास ते तुलनेच्या प्रयोगांत घेतले जाऊ शकते.